सुतार झालेला वास्तुशिल्पी : जॉर्ज नाकाशिमा
(एक निवृत्त शिक्षक, आसेगाव, जि. वाशीम)

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे. बहुधा ते एखाद्या संताचे, समाजसुधारकाचे किंवा दानशूर गृहस्थाचे असते. यंदा मी जे चरित्र सादर करीत आहे, ते सातासमुद्रापलीकडे जन्मलेल्या एका गृहस्थाचे आहे. त्याचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, देश वेगळा. परंतु रंधा, करवत आणि पटाशी ही त्याची हत्यारे मात्र आपलीच. वास्तुशास्त्राच्या दोन पदव्या संपादन केल्यावर आणि पॅरिस व तोकियो येथील नव्या वास्तुकलेचा अनुभव घेतल्यावर ज्याने सुतारकाम पत्करले आणि त्यातच आयुष्य वेचले, असा हा पुरुष होय. त्यातही विशेष असे की, त्याच्या आयुष्याला जे वळण मिळाले ते आपल्या भारतभूमीवर, पाँडिचेरी येथे मिळाले. तेव्हा हे चरित्र आपणांस परके वाटू नये.

जॉर्ज नाकाशिमा यांचा जन्म २४ मे १९०५ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन या शहरी झाला. आईवडील जपानातून येऊन तेथे स्थायिक झालेले होते. त्या प्रदेशात उंच डोंगर व घनदाट अरण्ये आहेत. देवदाराच्या जातीचे प्रचंड वृक्ष तेथे शेकडो वर्षे उभे असतात. बालवीर पथकात असताना जॉर्जला या रानांतून दिवसेंदिवस हिंडण्याची गोडी लागली आणि झाडांची ओळख त्याला पुस्तकाआधी पायवाटेवर झाली. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला तोही प्रथम वनशास्त्रासाठीच. नंतर तो विषय सोडून त्यांनी वास्तुशास्त्र घेतले. १९२८ मध्ये शिष्यवृत्तीवर फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे काही काळ अध्ययन केले, १९२९ मध्ये पदवी मिळविली आणि १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेतून उच्च पदवीही संपादन केली.

परंतु तो काळ जागतिक मंदीचा होता. न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंड येथे लागलेली सरकारी नोकरी अल्पावधीतच सुटली. अशा वेळी सामान्य माणूस दुसऱ्या नोकरीसाठी दारोदार फिरतो. या तरुणाने आपली मोटार विकली आणि त्या पैशातून जगप्रवासाचे आगबोटीचे तिकीट काढले! पॅरिसमध्ये सुमारे एक वर्ष राहून ल कॉर्ब्युझिए या विख्यात वास्तुशिल्पकाराची नवी इमारत उभी राहताना त्यांनी पाहिली. तेथून उत्तर आफ्रिकेमार्गे पूर्वेकडे वळून १९३४ मध्ये ते पूर्वजांच्या देशी, जपानात पोहोचले. तोकियो येथे अँटोनिन रेमंड नावाचे मूळचे चेक, पण अमेरिकन नागरिक असलेले वास्तुशिल्पी होते. त्यांच्या कचेरीत नाकाशिमा यांना काम मिळाले. या रेमंड गृहस्थांचे नाव वाचकांनी ध्यानी ठेवावे. या चरित्रात ते दोनदा येते आणि दोन्ही वेळा नायकाचे भाग्य पालटते.

जपानात त्यांनी जुनी देवळे आणि घरे बारकाईने पाहिली. तेथील सुतार लोखंडी खिळ्यावाचून लाकडाला लाकूड असे सांधतात की, शतके लोटली तरी सांधा हलत नाही. आपल्याकडेही जुन्या वाड्यांचे खांब व तुळ्या याच विद्येवर उभ्या राहिल्या. कारंज्याच्या काष्ठासंघी जैन मंदिरातील लाकडी कोरीव काम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे निराळे सांगण्याचे कारण नाही.

याच सुमारास पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमाने साधकांसाठी एक निवासस्थान बांधण्याचे काम रेमंड यांच्याकडे सोपविले. तेथे राहून काम पाहण्यास कोणी तरी हवे होते. नाकाशिमा आपण होऊन तयार झाले. या इमारतीचे नाव 'गोलकोंड'. नावाची हकीकत आपल्या भागाच्या वाचकांस गमतीची वाटेल. बांधकामासाठी हैदराबादच्या निजाम सरकारकडून देणगी मिळाली होती आणि ती मिळवून देण्यात तेथील दिवाण सर अकबर हैदरी यांचा पुढाकार होता. म्हणून कृतज्ञतेने गोवळकोंड्याचे नाव इमारतीस दिले गेले. आपला वऱ्हाड प्रांत त्या काळी नावापुरता निजामाचाच होता व १९०२ पासून कायम पट्ट्याने इंग्रजांकडे होता. असो.

१९३७ च्या सुमारास काम सुरू झाले. भारतात सलोह काँक्रीटची इमारत त्या वेळी अपूर्वाईचीच होती. या इमारतीस नेहमीच्या खिडक्या नाहीत. भिंतीच्या जागी आडव्या फिरत्या पट्ट्या बसविल्या असून त्या कमीअधिक उघडून वारा आत घेता येतो व ऊन बाहेर ठेवता येते. खोल्यांची सरकती दारे सागवानी पट्ट्यांची आहेत. ती बंद असली तरी वारा खेळता राहतो. मजूर म्हणून काम करणारे बरेचसे लोक आश्रमातील साधकच होते. त्यांपैकी अनेकांनी पूर्वी कधी थापी हातात धरलेली नव्हती. त्यामुळे काम सावकाश चाले, परंतु कसर राहत नसे. इमारत पूर्ण होण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. नाकाशिमा पगारी वास्तुशिल्पी म्हणून आले होते. थोड्याच काळात त्यांनी वेतन घेण्याचे नाकारले आणि आश्रमवासी होऊन राहिले. श्रीअरविंदांनी त्यांस 'सुंदरानंद' हे नाव दिले. सौंदर्यात ज्याला आनंद वाटतो तो सुंदरानंद. त्यांनी आयुष्यातील पहिले लाकूडसामान घडविले तेही येथेच.

मी जन्मभर शिक्षकी केली, त्यामुळे एक गोष्ट येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. पाँडिचेरीस सुशिक्षित माणसे चुना-वाळू कालवीत होती, त्याच १९३७ साली आपल्या शेजारच्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरून हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे मांडला गेला. नई तालीम ती हीच. तो विचार शाळांतून हळूहळू मागे पडला आणि सुताराच्या मुलाने शिकायचे म्हणजे वाकस टाकून लेखणी धरायची, असाच समज सर्वत्र दृढ झाला. नाकाशिमा यांनी लेखणी टाकली नाही आणि वाकसही धरली. त्यांच्या मेजखुर्च्यांचे कागदावरील आराखडे वास्तुशिल्पी काढतो तसे रेखीव असत व सांधे मिस्त्री बसवितो तसे घट्ट असत. एका माणसात दोन्ही गोष्टी एकवटल्या म्हणून तो मोठा झाला, असे माझे मत आहे.

१९३९ मध्ये महायुद्धाचे ढग जमू लागले, तेव्हा त्यांनी पाँडिचेरी सोडली. चीन व जपानमार्गे ते अमेरिकेत परतले. जपानातच मॅरियन ओकाजिमा या अमेरिकेत जन्मलेल्या जपानी वंशाच्या तरुणीशी त्यांचा परिचय झाला होता. १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. परतल्यावर अमेरिकेतील नव्या इमारतींची बांधणी पाहून त्यांचे मन उदास झाले. आराखडा एकाने काढावा, बांधावे दुसऱ्याने आणि पैसा तिसऱ्याने ओतावा. प्रत्यक्ष वस्तूवर कोणाचाच जीव नाही, असे त्यांना दिसले. आरंभापासून शेवटपर्यंत आपल्या देखरेखीखाली राहील असे काम करावयाचे त्यांनी ठरविले आणि ते सुतारकामच ठरले. सिअ‍ॅटल शहरी एका कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांच्या मंडळाच्या तळघरात त्यांना जागा दिली; मोबदला म्हणून त्यांनी मुलांना सुतारकाम शिकवावे असे ठरले. कारखान्याचा जन्म असा तळघरात झाला.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि सारे चित्र पालटले. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आज्ञेने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सर्व लोकांना घरेदारे सोडवून छावण्यांत नेऊन ठेवण्याची तजवीज सुरू झाली. असे सुमारे १,२०,००० लोक होते आणि त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. कोणावर आरोप नाही, खटला नाही, पुरावा नाही. चेहरा जपानी, एवढाच अपराध. नाकाशिमा, त्यांची पत्नी व काही महिन्यांची मीरा नावाची कन्या यांची रवानगी आयडाहो राज्यातील मिनिडोका छावणीत झाली. ओसाड माळ, डांबरी कागद लावलेल्या फळकुटांच्या चाळी, सभोवती पहारा आणि दिवसरात्र उडणारी धूळ. पाळण्यातील लेकरू घेऊन निरपराध माणसाने अशा ठिकाणी वर्ष काढणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याची त्याने करावी. आपण केले ते अन्यायाचे होते, असे अमेरिकेच्या सरकारने कायद्याने मान्य करून क्षमा मागितली ती १९८८ साली, सेहेचाळीस वर्षांनंतर. आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर भरपाई दिली. तोपर्यंत पुष्कळजण मातीआड झाले होते.

या छावणीत नाकाशिमा यांना गुरू भेटला. गेंतारो हिकोगावा हे जपानात रीतसर तयार झालेले सुतार तेथे बंदिवान होते. पदव्यांच्या दृष्टीने पाहिले तर शिष्य कोठल्या कोठे पुढे! परंतु धार कशी लावावी, रंधा श्वासाच्या लयीत कसा ओढावा, कुसू असा कसा बेतावा की हाताच्या दाबाने बसेल पण झटक्याने निघणार नाही, हे त्या पदवीधराला ठाऊक नव्हते. ते त्या मिस्त्रींना ठाऊक होते. शिष्याने मान लववून शिकून घेतले. लाकूड कोठून आणावे हा प्रश्नच होता. चाळी बांधून उरलेली, टाकून दिलेली फळकुटे त्यांनी वेचली. माळावर उगवणारी वेडीवाकडी काटक झुडपे गोळा करून त्यांच्या खोडांचाही उपयोग केला. त्या ओबडधोबड चाळीतील एक खोली राहण्याजोगी करून दाखविण्याचे काम या दोघांनी मिळून केले. जे सरळ मिळत नाही, त्याच्या वाकडेपणाचाच उपयोग करावयाचा, ही पुढे जगप्रसिद्ध झालेली त्यांची रीत या माळावर, टाकाऊ लाकडावर सिद्ध झाली. हिकोगावा मिस्त्रींचे नाव आज जगाला ठाऊक आहे ते शिष्याने ते कृतज्ञतेने जपले म्हणून. आपल्या समाजातील असे किती मिस्त्री शिष्यावाचून विसरले गेले असतील!

१९४३ मध्ये रेमंड यांनी सरकारदरबारी खटपट करून, जामीन राहून, या कुटुंबाची सुटका करविली. हे त्यांचे दुसरे उपकार. पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यू होप या गावाजवळ रेमंड यांची शेतवाडी होती. तेथे नाकाशिमा यांना काम मिळाले ते कोंबड्या राखण्याचे. दोन पदव्या घेतलेला माणूस खुराडी साफ करीत होता आणि फावल्या वेळात थोडेफार लाकूडकाम करीत होता. पुढे त्याच परिसरात त्यांनी सुमारे तीन एकर जमीन मिळविली, तीही पैसे मोजून नव्हे. जमिनीच्या मालकाचे काम करून देऊन. तंबू ठोकून कुटुंब राहिले. आधी कारखाना बांधला आणि मग घर. दगडही बव्हंशी स्वतःच्या हाताने रचले. लाकूड विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून वखारवाल्यांनी नाकारलेले तुकडे, भेगाळलेल्या फळ्या, गाठींचे ओंडके ते स्वस्तात आणीत. गरिबीने जे करावयास लावले, तेच पुढे त्यांचे वैशिष्ट्य ठरले.

आता त्यांच्या कामाची रीत थोड्या विस्ताराने सांगतो, कारण आपल्या वाचकांपैकी बऱ्याच घरी हत्यारे आहेत.

ते लाकूड तयार फळीच्या रूपाने सहसा विकत घेत नसत. संपूर्ण झाडाचा ओंडका घेत. त्यांच्या भागात काळा अक्रोड विपुल असे. कोणाच्या बागेत, कोणाच्या परसात वाढलेले जुने झाड वठले, पडले किंवा काढावे लागले की त्याची बातमी त्यांच्यापर्यंत येई. मोठ्या गिरण्यांना असे झाड नको असते. त्यात जुने खिळे व तारा रुतलेल्या असतात आणि फांद्या खालपासून फुटलेल्या असतात. नाकाशिमा यांना ते हवे असे. फांदी फुटते त्या जागी लाकडाचे तंतू एकमेकांत गुंतून सुंदर नक्षी उमटते. झाडाचा जमिनीखालील बुंधादेखील ते उकरून काढवीत, कारण सर्वांत गडद आणि वळणदार नक्षी तेथे सापडते. ओंडका चिरतेवेळी ते स्वतः गिरणीत उभे राहत. पहिली चीर कोणत्या बाजूने घालावी यावर सारे अवलंबून. ती चुकली की दोनशे वर्षांच्या झाडाची सामान्य फळकुटे होतात.

चिरलेल्या फळ्या ओंडक्यात जशा होत्या त्याच क्रमाने एकावर एक रचल्या जात. मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवीत, म्हणजे वारा खेळतो आणि फळी वाकत नाही. उघड्यावर, छपराखाली, जाडीच्या दर इंचास सुमारे एक वर्ष या हिशेबाने लाकूड वाळे. मग उष्ण कोठडीत उरलेला ओलावा काढीत. एकाच ओंडक्याच्या लागोपाठच्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून शेजारी ठेवल्या की दोन्हींकडील नक्षी आरशातल्यासारखी जुळते. अशा जोडीचे मोठे मेज ते करीत. झाडाची बाहेरची कड सरळ रेषेत कापून न टाकता साल काढून तशीच नागमोडी राखीत. मेजाजवळ बसणाऱ्याच्या हाताला झाडाचा मूळ आकार लागे.

आणि भेग? फळीत भेग दिसली की आपण ती फळी बाजूला टाकतो किंवा भुसा-सरस भरून झाकतो. नाकाशिमा झाकीत नसत. भेगेच्या आडवी, डमरूच्या आकाराची कठीण लाकडाची पाचर फळीत खाच घेऊन ते अशी बसवीत की भेग पुढे सरकू नये. अमेरिकेत तिला फुलपाखरू म्हणतात. ही युक्ती पुरातन आहे. आपल्याकडील जुन्या देवळांत दगडाला दगड जखडण्यासाठीही याच आकाराचे सांधे आढळतात. त्यांनी नवीन केले ते एवढेच की, ती पाचर लपविण्याऐवजी सर्वांच्या दृष्टीस पडेल अशी ठेवली. यंत्रांशी त्यांचे वैर नव्हते. जाड काम यंत्रावर होई, सांधे व शेवटचा हात हत्याराने होई आणि तेलाचे अनेक हात घासून लाकडास झळाळी आणली जाई. गिऱ्हाईक स्वतः येऊन फळी निवडी आणि त्या फळीवर त्याचे नाव पेन्सिलीने लिहिले जाई.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण हा मुद्दा आपल्या घराघराशी निगडित आहे. आसेगावच्या परिसरात वळवाच्या वादळात दरसाल परसातील एखाददुसरा कडुनिंब, आंबा किंवा बाभूळ आडवी होते. त्याचे होते काय? आठ दिवसांत कुऱ्हाड फिरून तुकडे होतात. उरते ते वीटभट्टीला जाते. आणि त्याच घरात लग्नाच्या वेळी भुश्याच्या दाबलेल्या पाट्यांचे कपाट विकत येते, जे दोन पावसाळ्यांत फुगते. पडलेल्या झाडाचा पलंग किंवा पाट करू नये, असा समज अनेक घरांत आहे, आणि त्याला ग्रंथाचा आधारही आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत शय्या व आसने यांविषयी अध्याय आहे. वीज पडून, वाऱ्याने, पाण्याने वा हत्तीने पाडलेली झाडे त्यासाठी वर्ज्य सांगितली आहेत. त्याच ग्रंथात झाड तोडण्यापूर्वी त्याची पूजा करून, त्यावर वस्ती करणाऱ्या भूतांना अन्यत्र जाण्याची विनंती करावी असेही सांगितले आहे.

मी या ग्रंथाचा अनादर करीत नाही. मला वाटते, निषेधामागे अनुभव असावा. वादळाने पिळवटून पाडलेल्या झाडात आतून बारीक तडे गेलेले असतात आणि पोकळ, किडके झाड आधी पडते. अशा लाकडाचा पलंग मोडला तर माणूस पडेल. तेव्हा निषेधाचे कारण लाकडाच्या परीक्षेत आहे, असे मी समजतो. परीक्षा करणारा जाणता सुतार जर दारी असेल तर सरसकट सरपण करण्याचे कारण उरत नाही. पूजेचा भाग तर नाकाशिमा यांनी मनोभावे उचलला होता, असेच म्हणावे लागेल. वृक्षालाही आत्मा असतो आणि मेल्यावर त्याला दुसरे जीवन देणे हे कारागिराचे कर्तव्य आहे, ही त्यांची श्रद्धा होती. १९८१ मध्ये त्यांनी जे आत्मचरित्रपर पुस्तक लिहिले त्याच्या नावातही वृक्षाचा आत्मा आहे.

आपले वाडवडील हे शास्त्र जाणत होते. गाडीच्या चाकासाठी बाभळीचे ओंडके पाण्यात बुडवून मुरवीत आणि मग सावलीत वाळवीत. कडुनिंबाला कीड सहसा लागत नाही, म्हणून धान्याच्या व कपड्यांच्या पेट्यांना तो चाले. ज्यांच्या परसात झाड पडेल त्यांनी इतके जरी केले तरी पुरे : खोडाचे आखूड तुकडे पाडू नयेत, सहासात फुटांची लांबी राखावी, दोन्ही टोकांना लगेच मेण किंवा रंग फासावा, म्हणजे टोकाकडून चिरा जात नाहीत, लवकर चिरवून, पट्ट्या घालून, वर वजन ठेवून सावलीत रचावे, आणि घाई करू नये. सागासारख्या काही ठरावीक जातींची झाडे खाजगी जागेतही तोडण्यास १९६४ च्या कायद्यान्वये परवानगी लागते, हेही विसरू नये. परतवाड्याच्या बाजारातून मेळघाटचा साग आणणे सर्वांना परवडत नाही. परसातले लाकूड मात्र दारातच पडलेले असते.

असो. आता चरित्राकडे वळू.

पाचसहा वर्षांत न्यू होपच्या कारखान्याचे नाव झाले. नोल नावाच्या प्रसिद्ध कंपनीने त्यांच्या आराखड्यांवरून खुर्च्या व मेजे काढली. १९६० च्या सुमारास त्यांनी दोनच पायांवर उभी राहणारी एक खुर्ची घडविली; हे पाय जमिनीवर घसरपट्टीसारख्या दोन दांड्यांत बसविलेले असतात. ती मोडेल, असे टीकाकारांस वाटले. ती मोडली नाही. १९६४ मध्ये ते पुन्हा भारतात आले व अहमदाबादच्या राष्ट्रीय आराखडा संस्थेत, जिला आज एन.आय.डी. म्हणतात, त्यांनी लाकूडसामानाचे नमुने करवून घेतले. त्याच सुमारास जपानातील ताकामात्सु येथील कारागीरमंडळाशीही त्यांनी संबंध जोडला. पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले नेल्सन रॉकफेलर यांनी १९७३ मध्ये आपल्या घरासाठी त्यांजकडे दोनशेहून अधिक वस्तूंची मागणी नोंदविली. १९८३ मध्ये जपानच्या सम्राटाकडून त्यांना मानचिन्ह प्राप्त झाले.

एक गोष्ट मात्र मला खटकते. टाकाऊ लाकडापासून, गरिबीतून निघालेली ही कला शेवटी धनिकांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली. आरंभी आसपासचे शिक्षक व साधे लोक ज्या किमतीत त्यांच्याकडून मेज घेत, ती किंमत पुढे सामान्यांच्या आटोक्यात राहिली नाही. यात नाकाशिमा यांचा दोष किती आणि जगाच्या रीतीचा किती, हे ठरविणे कठीण आहे. त्यांनी कारखाना मोठा केला नाही. मोजकी माणसे ठेवून, स्वतःच्या नजरेखाली राहील तेवढेच काम ते करीत राहिले. हाताने केलेली वस्तू थोडीच होते आणि थोडी असलेली वस्तू महाग होते. आपल्या गावच्या बलुतेदार सुताराला मात्र वर्षभर औत, वखर, तिफण दुरुस्त करून खळ्यावर मिळणाऱ्या धान्यात समाधान मानावे लागे. हाताला किंमत यावी. पण ती वस्तू शेजाऱ्याच्या घरातही असावी. हे दोन्ही कसे साधावे याचे उत्तर या चरित्रात मला सापडले नाही.

१९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यातील एका दांपत्याचे घर आगीत भस्मसात झाले. त्यात नाकाशिमा यांनी वर्षानुवर्षे करून दिलेल्या शंभराहून अधिक वस्तू होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या वृद्ध सुताराने पुन्हा एकेक वस्तू करून देण्याचे काम हाती घेतले.

अखेरच्या वर्षांतील त्यांचा ध्यास निराळाच होता. लाँग आयलंडवरील एका प्रचंड, जुन्या काळ्या अक्रोडाचा बुंधा त्यांच्या हाती आला. एवढ्या मोठ्या झाडाचे मेज कोणा एकाच्या घरी जावे असे त्यांना वाटेना. जगातील प्रत्येक खंडात एकेक शांतिवेदी स्थापावी, जिच्याभोवती कोणत्याही धर्माच्या माणसांनी येऊन बसावे, असा संकल्प त्यांनी केला. एका वांशिक द्वेषाने ज्याला तान्ह्या मुलीसह माळावर कोंडले होते, त्या माणसाचा हा संकल्प होता. आरशासारख्या जुळलेल्या दोन भव्य फळ्या डमरूच्या पाचरांनी सांधून पहिली वेदी तयार झाली आणि १९८६ च्या अखेरच्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या महामंदिरात तिची स्थापना झाली. मधली भेग तशीच उघडी ठेवलेली आहे.

१५ जून १९९० रोजी न्यू होप येथे जॉर्ज नाकाशिमा यांचा देहान्त झाला. छावणीत ज्या मीरेचे बालपण सुरू झाले, तिने वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले होते. वडिलांमागे कारखाना तिने चालविला. त्यांनी जमविलेल्या कित्येक फळ्या त्या वेळी छपराखाली ओळीने रचलेल्या होत्या आणि ज्यांचे आराखडे झाले होते पण वस्तू झाल्या नव्हत्या अशी कामे पुष्कळ पडली होती. ती तिने व जुन्या कारागिरांनी मिळून पुरी केली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्या घराला व कारखान्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला.

आशिया खंडासाठी संकल्पिलेली शांतिवेदी त्यांच्या निधनानंतर तयार झाली. ती जहाजाने भारतात आली आणि १९९६ मध्ये ऑरोव्हिल येथे पोहोचली. 'सुंदरानंद' या नावाने ते जेथे राहिले होते, त्या पाँडिचेरीच्या आश्रमापासून हे ठिकाण काही कोसांवरच आहे.